तालमीच्या कार्यकर्त्या भावास

पुणे

चि. बाळ यास,


परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू विचारलंस, "आक्का, मुलींच्या फुटबॉलला पुढं काही भविष्य आहे का? नसेल तर दहावीच्या तोंडावर पोरीचं बंदच करतो." प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देते. भविष्य आहे. पण ते कुठं तयार ठेवलेलं नाही, की पोरीनं जावं आणि उचलून आणावं. ते निम्मं तुझ्यासारख्या माणसांच्या हातात आहे. एवढंच तुला पटवायचं आहे, म्हणून फोनऐवजी पत्र.

तू आणखी एक म्हणालास, "बायकांचा फुटबॉल बघायला येतंय कोण?" बाळ, ही समजूत शंभर वर्षं जुनी आहे आणि तेव्हाही ती खोटीच होती. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक-कर कारखान्याच्या पोरींनी संघ काढला. जखमी सैनिकांसाठी, धर्मादाय कामांसाठी त्या सामने खेळायच्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आत होती आणि जागा नाही म्हणून कितीतरी बाहेरूनच परत गेली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना मानवणारा नाही, तेव्हा आमच्या सदस्य क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. खेळावर कायद्यानं बंदी घालायची गरजच पडली नाही. मैदान काढून घेतलं की झालं. तो ठराव उठायला १९७१ उजाडलं.

इंग्लंड एकटं नव्हतं. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच मनाई होती. ब्राझीलनं तर १९४१ मध्ये कायदाच केला, तो १९७९ पर्यंत टिकला. पेले, गारिंचा यांच्या देशात पोरींनी चेंडूला पाय लावायचा नाही! त्याच ब्राझीलमधून पुढं मार्ता आली आणि २०२७ चा महिला विश्वचषकही त्याच ब्राझीलला मिळाला. मेक्सिकोत १९७१ मध्ये महिलांची एक जागतिक स्पर्धा झाली. फिफानं तिला मान्यता दिली नव्हती, तरीही अझ्टेका स्टेडियमवर मेक्सिको-डेन्मार्क अंतिम सामन्याला लाखभर प्रेक्षक होते. फिफाचा पहिला अधिकृत महिला विश्वचषक त्यानंतर वीस वर्षांनी, १९९१ मध्ये, चीनमध्ये झाला. बघणारे आधीपासूनच होते, खेळू देणारे नव्हते.

आता आत्ताचं सांगते. मार्च २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊवर बार्सिलोना-रिअल माद्रिद या महिला संघांचा सामना ९१,५५३ जणांनी बघितला. महिनाभरात त्याच मैदानावर हा आकडाही मागं पडला. २०२३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झाला, तेव्हा सगळ्या सामन्यांचे मिळून जवळजवळ २० लाख प्रेक्षक मैदानात आले. १९९१ मध्ये १२ संघ होते, २०२३ मध्ये ३२ झाले, २०३१ मध्ये ४८ असणार आहेत. पोरगी मोबाईलवर रात्री आयताना बोनमाटीचे सामने बघते म्हणून तू रागावतोस. तिला ती खेळाडू माहीत आहे, तुला नाही, इतकाच या रागाचा अर्थ मला दिसतो.

"हे सगळं तिकडचं झालं," असं तू म्हणशील. तर मग आपल्याकडचं बघ. आशियाई महिला चषकात भारताच्या मुली आधी कोझिकोडला उपविजेत्या होत्या, १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षी शांती मलिक अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. दुसरीला, म्हणजे मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवीला, तो मिळायला २०१७ साल यावं लागलं. मधल्या काळात नियमित लीग नाही, परदेशी संघांशी सामने नाहीत. एकदा तर पुरेसे सामने न खेळल्यामुळं फिफाच्या क्रमवारीतून आपला संघच गळाला. इंडियन वुमेन्स लीग सुरू झाली ती २०१६-१७ मध्ये. जो देश १९८३ मध्ये आशियात दुसरा होता, त्यानं मुलींना देशपातळीवरची लीग द्यायला तीस वर्षांवर घेतली. हे आठवलं की मला अजून संताप येतो.

आणि लीग नसली की काय होतं ते २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात दिसलं. स्पर्धा आपल्या देशात, अंतिम सामना नव्या मुंबईत, आणि आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-० हरल्या. त्या पोरींना नावं ठेवू नकोस. त्यांच्या मेहनतीत खोट नव्हती. समोरच्या मुली लहानपणापासून दर आठवड्याला सामना खेळत आलेल्या, आणि आपल्या बहुतांश शिबिरात घडवलेल्या. शिबिरात दम वाढतो, पाय मजबूत होतात. पण गोल खाल्ल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे फक्त सामन्यात कळतं. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला थायलंडला २-१ हरवून आपला वरिष्ठ संघ २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला, तोही पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून. दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरनं केले. त्याआधी मनीषा कल्याण युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळून आली होती, बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून. लीग सुरू झाल्यावर दहा वर्षांच्या आत हे घडलं, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आता घरातल्या पोरीविषयी. दिवाळीत आले होते तेव्हा तिला शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खेळताना बघितलं. वेगात ती बेताची आहे, डावा पायही कच्चा आहे. पण एक गोष्ट मी नीट पाहिली. चेंडू तिच्याकडं यायच्या आधी ती मान वळवून खांद्यावरून मागं बघून घेते. एकदा, आणि चेंडू निघाल्यावर पुन्हा एकदा. त्यामुळं चेंडू पायाशी येतो तेव्हा पुढं कुठं द्यायचा हे तिचं ठरलेलं असतं. एक धिप्पाड पोरगा मागून धावत आला, तर हिनं पहिल्याच स्पर्शात चेंडू बाजूला घेतला आणि तो तसाच पुढं निघून गेला. ही सवय शिकवायला मला शाळेत वर्षानुवर्षं घसा कोरडा करावा लागला आहे. हिला कुणी शिकवलेलं नाही. तुझ्या मांडीवर बसून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामने बघत ती वाढली, तिथूनच हे आलं असणार.

ती भारताकडून खेळेल का? सांगता येत नाही, आणि तसं वचन देणाऱ्या कोणत्याही अकादमीवर विश्वास ठेवू नकोस. पैशाचंही खरं ते सांगते. देशातल्या वरच्या क्लबांत आता करार होतात, पण पुरुषांच्या तुलनेत रकमा फार लहान आहेत. बहुतेक चांगल्या खेळाडू पोलीस, रेल्वे, सशस्त्र सीमा बल अशा नोकऱ्यांच्या आधारानं खेळतात. म्हणून शिक्षण सोडायचं नाही, याबाबत मी तुझ्याच बाजूची आहे. पण दहावीसाठी खेळ बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. शालेय स्पर्धांत वरच्या पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेव, स्पर्धेचा दर्जा आणि नियम आधी विचारून घे. परीक्षेच्या महिन्यात सराव निम्म्यावर आण, पूर्ण थांबवू नकोस. पंधराव्या वर्षी सुटलेला खेळ मुली पुन्हा धरत नाहीत, हे मी माझ्या नोकरीत इतक्यांदा बघितलं आहे की त्याबद्दल मला शंकाच नाही.

शिवाय या खेळात पोट भरायला फक्त गोल करावे लागत नाहीत. गोव्याच्या मेमॉल रॉकी भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डनच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केलं. प्रशिक्षणाचा परवाना, पंचगिरीची परीक्षा, फिजिओथेरपी, सगळीकडं बायका हव्या आहेत, कारण मुलींचे संघ वाढताहेत आणि त्यांना शिकवणाऱ्या बायका पुरेशा नाहीत.

वैनीला दोन गोष्टी आवर्जून सांग. एक, गुडघा. मुलींच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. २०२३ च्या विश्वचषकाला इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन आणि बेथ मीड दोघी यामुळेच मुकल्या. सरावाआधी नुसत्या दोन फेऱ्या मारून चालत नाही. फिफानं वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप ठरवून दिला आहे, त्यानं दुखापती बऱ्याच कमी होतात. घरी तिला एका पायावर उडी मारून उतरायला सांगा आणि समोरून बघा. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलत असेल तर मांडी आणि कमरेचे व्यायाम आजपासून सुरू. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दे, पण रक्त तपासून हिमोग्लोबिन बघा आणि डबा वाढवा. तिच्या वयाच्या खेळणाऱ्या पोरीला दोन पोळ्या पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील भारतीय मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना साहाय्यक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावं लागलं. म्हणून संघ बाहेरगावी निघाला की सोबत बाई व्यवस्थापक आहे का, मुक्काम कुठं, खोल्या कशा, हे उघड विचार. विचारलं म्हणून कुणाला राग आला तर त्या संघात पाठवू नकोस. पण भीतीपोटी सगळंच बंद केलंस, तर ज्यानं काही केलेलं नाही त्या पोरीला शिक्षा होते, एवढं ध्यानात ठेव.

आता माझं खरं काम तुझ्याशीच आहे. तू तालमीचा, म्हणजे पेठेच्या फुटबॉल संघाचा, कार्यकर्ता. हंगाम सुरू झाला की तुझं घराकडं लक्ष नसतं. परगावचे खेळाडू आणायचे, त्यांचं राहणं-जेवण, किट, झेंडे, वर्गणी, सगळं तू हौसेनं करतोस. आपल्या कोल्हापुरासारखा पेठेपेठेत भिनलेला फुटबॉल महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावात नाही. याच गावातून अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि कोल्हापूर सिटीच्या मुली इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरल्या. म्हणजे मुली आहेत, खेळ आहे, बघणारेही आहेत. नाही ती त्यांच्या वयाच्या मुलींशी दर आठवड्याला खेळायची सोय. तुझी लेक अजून मुलांत खेळते ती हौस म्हणून नव्हे, तिला दुसरीकडं खेळायला जागाच नाही म्हणून. वर्षभरात मुलं तिच्याहून फूटभर उंच होतील, तेव्हा ते खेळणंही बंद पडेल. प्रेस्टनच्या पोरींचं मैदान ज्यांनी काढून घेतलं ती वाईट माणसं होती असं मी म्हणत नाही. त्यांनाही आपण योग्यच करतोय असं वाटत होतं. तुझ्या तालमीच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना वेळ नाही, हाही तसाच ठराव आहे, फक्त तो कुणी कागदावर लिहिलेला नाही.

तेव्हा येत्या बैठकीत विषय काढ. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक-एक तास मैदान, दिव्यांचा उजेड, कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, आणि पेठेतल्या चौदा-पंधरा मुलींचा संघ. बाहेरून एक खेळाडू आणायला जेवढा खर्च करता, त्यात हे वर्षभर चालेल. शेजारच्या तालमीतल्या तुझ्या मित्रांनाही सांग, कारण एका संघाचे सामने होत नसतात. चार तालमी तयार झाल्या तर उन्हाळ्याच्या सुटीत मी स्वतः महिनाभर येऊन राहते, वॉर्म-अपपासून पंचांपर्यंत सगळं बसवून देते. तुझ्या घरी एक खाट रिकामी आहे, तेवढी मला पुरे. बैठकीची तारीख ठरली की कळव.

वैनीला आशीर्वाद, पोरीला पोटभर प्रेम.

तुझी,
आक्का