बोगद्यात थांबलेला बिल्बो

पुस्तक मांडीवर घ्या. इतक्यात उघडू नका.

हात मुखपृष्ठावर असू दे. खांदे सैल सोडा. उजेड पुरेसा आहे ना, एवढं बघा आणि मग दिव्याला विसरून जा.

एक श्वास आत. एक बाहेर.

हे ‘द हॉबिट’ आहे. जे. आर. आर. टोल्किन यांचं. २१ सप्टेंबर १९३७ रोजी ते लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेनं बाजारात आणलं. पहिल्या छपाईच्या १५०० प्रती नाताळच्या आधीच संपल्या. मुखपृष्ठावरचे डोंगर आणि आतली चित्रं टोल्किननी स्वतः काढली होती.

तेव्हापासून कितीतरी जणांनी ते असंच मांडीवर घेतलंय. आपण त्यांच्यातच बसलोय.

गोष्ट सांगायची नाही. अर्थ लावायचा नाही. पुस्तकातल्या एका जागी जायचं, आणि तिथे उभं राहायचं. ती जागा बाराव्या प्रकरणात आहे.

घाई नाही.

आधी एक दार बघा. गोल. हिरव्या रंगाचं. अगदी मधोमध पितळेची पिवळी मूठ.

दारामागे टेकडीच्या पोटात घर आहे. भिंतींना लाकडी फळ्या, जमिनीवर गालिचे, टोप्या आणि कोट अडकवायला खुंट्याच खुंट्या. बिल्बो बॅगिन्सला पाहुणे आवडतात. न सांगता आलेले मात्र नाहीत.

बिल्बो पन्नाशीचा आहे. उंचीनं आपल्या निम्मा. पायात काही नाही. हॉबिटांना पादत्राणं लागतच नाहीत. तळवे चामड्यासारखे चिवट, पावलांवर दाट कुरळे केस.

हे पाय नीट बघून घ्या. थोड्या वेळानं आपल्याला त्यांनीच चालायचंय.

विस्तवावर किटली आहे.

ऐका.

आधी काहीच नाही. मग तळाशी बारीक सणसण. ती थोडी वाढते. तोटीतून पहिली वाफ निघते.

हा आवाज कानात ठेवा. बिल्बोही तो कानात घेऊनच घराबाहेर पडतो. पावसात भिजला, भुकेनं कळवळला, अंधारात चुकला, की त्याला हेच हवंसं वाटतं: आपण घरी असावं, विस्तवाशेजारी, आणि किटलीला नुकतंच आधण येत असावं. पहिल्यांदा त्याच्या मनात हे येतं, तेव्हाच टोल्किन बजावून ठेवतात की ही काही शेवटची वेळ नव्हे. दुसऱ्यांदा आलं की वाचणारा हसतो. तिसऱ्यांदा येईपर्यंत त्याला स्वतःलाच चहाची तल्लफ आलेली असते.

आली असेल तर येऊ दे. उठू नका.

वाटेतलं बरंच काही आज मागे टाकायचंय. ट्रोल. गॉब्लिन. तळ्याकाठच्या काळोखात घातलेली कोडी. मर्कवुड अरण्यातले कोळी. नदीतून वाहत गेलेली पिंपं. पिंपं सोडताना मला जरा वाईट वाटतं, पण सोडू या.

एक श्वास आत. एक बाहेर.

आता डोंगर आहे. एकटाच उभा.

पानगळ सरत आलीय. पश्चिमेच्या अंगाला, उंचावर, गवताची एक लहानशी जागा आहे. तिच्या पाठीशी सपाट कातळ. या कातळात कुठेतरी ड्रॅगनच्या सोन्याकडे नेणारं दार आहे, असं बुटक्यांचा नकाशा सांगतो. बिल्बोला सोबत आणलेल्या या बुटक्यांनी ठोकून पाहिलंय, ढकलून पाहिलंय, मंत्र म्हणून पाहिलेत. कातळ तसाच.

बिल्बो नुसता बसलाय. तुम्हीही नुसते बसा.

ऊन उतरतंय. एक कस्तुर पक्षी दगडावर गोगलगाय आपटतोय.

टक.

टक.

सूर्य ढगात बुडतो. मग ढगाच्या फटीतून एकच तांबडा किरण येतो आणि कातळावर पडतो. दगडाची एक कपची निखळते. तिच्या जागी किल्लीचं भोक.

किल्ली फिरते. दार आत सरकतं. आतून अंधार बाहेर येतो.

इथे कुणी भराभर पान उलटत असेल, तर त्याला उलटू दे. आपण उंबऱ्याशी थोडं थांबू.

मागे आकाश अजून फिकट आहे. त्यात चांदण्या उगवू लागल्यात. पुढे काहीच दिसत नाही. सोबत कोण येणार, असं बिल्बो विचारतो. बुटक्यांतला म्हातारा बालिन तेवढा उठतो. थोडं अंतर चालतो. मग तोही थांबतो.

आता बिल्बो एकटा. आणि तुम्ही.

पाऊल टाका.

पायाखाली दगड आहे. खडबडीत असेल असं वाटलं होतं. तो गुळगुळीत आहे. बुटक्यांनी त्यांच्या चांगल्या दिवसांत खोदलेला बोगदा. सरळ. कुठे वळण नाही. उतार अगदी हलका.

एक पाऊल. श्वास. एक पाऊल.

त्याच्या बोटात अंगठी आहे, त्यामुळे तो कुणाला दिसत नाही. पण ऐकू येऊ शकतो. भिंती प्रतिध्वनी देतात, म्हणून तो आणखी हलकं चालतो. तुम्हीही वाचताना ओठ हलवत असाल, तर मिटून घ्या.

मागचं दार आता लहान झालंय. वळून बघू नका.

एक पाऊल. श्वास.

काहीतरी बदललंय. काय ते लगेच कळत नाही.

गरम होतंय.

कपाळावर घाम आहे. समोर, खूप खाली, अंधाराला किंचित तांबूस रंग आलाय. तो रंग खरंच आहे की डोळ्यांना भास होतोय? आणखी थोडं चाला. आहे. वाढतोय. वाफेचे पट्टे अंगावरून वर जातायत.

आणि आता आवाज.

पुन्हा ऐका. या वेळी नीट.

विस्तवावर मोठं भांडं खदखदावं तसा. त्यात आणखी एक आवाज मिसळलेला, प्रचंड बोक्यानं घुरघुरावं तसा. दोन्ही उपमा टोल्किनच्याच. जवळ जावं तसा तो आवाज ओळखू येतो. खाली, तांबड्या उजेडात, एक भलंमोठं जनावर झोपलंय आणि घोरतंय.

बिल्बो थांबतो.

थांबा.

हीच ती जागा.

पुढे काहीही दिसलेलं नाही. ड्रॅगन नाही, सोनं नाही. पाठीमागे अंधार, पुढे तांबूस अंधार, मध्ये एक छोटा जीव, घामेजलेला, अनवाणी. पट्टा आवळलेला आहे. सुरा म्यानात सैल केलेला आहे. त्यानं काहीच साधणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.

परत जाता येईल. कुणी पाहणारं नाही. बोगदा रिकामाच होता, असं सांगताही येईल.

श्वास घ्या. त्याच्याबरोबर घ्या.

टोल्किन इथे गोष्ट क्षणभर बाजूला ठेवतात आणि स्वतः बोलतात. इथून पुढे टाकलेलं पाऊल ही बिल्बोनं आयुष्यात केलेली सर्वांत धीराची गोष्ट, असं ते म्हणतात. नंतर जे काही प्रचंड घडलं, ते त्यापुढे काहीच नाही. खरी लढाई तो इथे लढला, एकट्यानं, आणि ज्याच्याशी लढायचं ते डोळ्यांना दिसण्याआधी.

हे मनात ठेवा. हात मुखपृष्ठावरच राहू दे.

नंतरचं खरोखरच त्याच्या हातून होत नाही. ड्रॅगन मरतो तो दूर सरोवरावरच्या गावात, बार्ड नावाच्या धनुर्धराच्या काळ्या बाणानं. बिल्बो तेव्हा तिथे नसतोच. पाच सैन्यांची लढाई जुंपते, तेव्हा त्याच्या डोक्यात दगड बसतो आणि शेवट होईपर्यंत तो बेशुद्ध पडून राहतो. साहसकथेच्या नायकाला लेखकानं इतकं बाजूला बसवावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. त्याच्या वाट्याला टोल्किननी दिलं ते हे थांबणं आणि त्यानंतरचं पाऊल.

टोल्किन १९१६ साली, चोविसाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होते. खंदकांतला ताप घेऊन त्याच वर्षी ते मायदेशी परतले. त्या वर्षात त्यांचे दोन जिवलग मित्र गेले.

एवढंच. त्यातून बोगद्यापर्यंत रेघ ओढायला नको.

पुढे ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले. ‘बेओवुल्फ’ हे जुनं इंग्लिश महाकाव्य शिकवत. त्यातही एक जण ड्रॅगनच्या साठ्यातून एक पेला चोरतो. बिल्बोही पेलाच उचलणार आहे, दोन कानांचा. अभ्यासक यावर पुष्कळ बोलतात. आज आपण त्यांच्यात नाही.

आपण अजून बोगद्यात आहोत.

पुन्हा ऐका.

किटलीचा आवाज आठवतोय? तळाशी सणसण, मग आधण?

आणि हा, खालून येणारा, खदखदीचा?

दोन्ही शेजारी ठेवा. जोडायचा प्रयत्न करू नका. नुसते ऐका. अकरा प्रकरणं बिल्बो उकळत्या पाण्याचा आवाज मनात धरून चालतोय. बाराव्यात तसलाच आवाज खरोखर कानावर येतो, आणि तो ड्रॅगनचा असतो. टोल्किननी हे ठरवून केलं का, कोण जाणे. पण एकदा कानाला लागलं की जात नाही. भांडं आणि बोका, दोन्ही घरातलीच. ज्याची सर्वांत जास्त भीती, त्याचा आवाज घरासारखा येतोय.

श्वास आत. श्वास बाहेर.

भीती कुठे जाणवतेय? घशात? पोटात? पायांच्या बोटांत? जिथे असेल तिथे राहू दे. तिला हाकलायला आलेलो नाही.

आणि भीतीच्या बरोबर आणखी काही जाणवतंय का, बघा. एक सुख. लहानपणी अंथरुणात पाय पोटाशी घेऊन ऐकलेल्या गोष्टीचं. अंगावर काटा, आणि पाठीला ऊब.

माझ्या मते या पुस्तकाचा आनंद याच जोडीत आहे. पहिल्या वाचनात तो पुरता हाती येत नाही. तेव्हा ड्रॅगन बघायची घाई असते. पुन्हा वाचणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. पेला मिळणार, स्मॉग नावाचा हा ड्रॅगन जागा होणार, पुढे कोड्यांसारखं गोडगोड बोलणं होणार. तरीही बोगद्यात तो हळू होतो. वाक्यांमागून चालतो. बिल्बो थांबला की थांबतो.

या कथेवर २०१२ ते २०१४ मध्ये तीन चित्रपट आले. लढाया पाहिजेत त्यांनी जरूर पाहावेत. या थांबण्याला मात्र पान लागतं, कारण पानावर किती वेळ थांबायचं ते आपण ठरवतो.

अजून थोडं थांबा.

आता ऑक्सफर्डमधली एक अभ्यासिका मनात आणा. हिवाळ्याची संध्याकाळ. पुस्तक अजून छापलेलं नाही. टोल्किन आपल्या मुलांना ते मोठ्यानं वाचून दाखवतायत. परीक्षेचे पेपर तपासताना एक कोरं पान सापडलं, त्यावर पहिलं वाक्य लिहिलं गेलं, अशी या गोष्टीची सुरुवात. त्यांतला एक, ख्रिस्तोफर, चार-पाच वर्षांचा. तो मध्येच म्हणतो, मागच्या वेळी दार निळं होतं, आज हिरवं कसं? आणि बुटक्यांचा म्होरक्या थोरिन, त्याच्या टोपीचा गोंडा सोन्याचा होता, आज चांदीचा?

वडील चरफडतात, उठतात, टेबलाशी जाऊन टिपून ठेवतात.

त्या मुलाचं ऐकणं बघा. तो अर्थ शोधत नाहीये. दार बघतोय. दार निळं असेल तर निळंच दिसलं पाहिजे.

तसं ऐका. तसं बघा.

बोगद्याची जमीन गुळगुळीत आहे ना? उजेड तांबूस आहे ना? कपाळावर घाम आहे ना?

मग ठीक.

आता बिल्बोकडे वळा. कुणी त्याला ढकलत नाहीये. कुणी हाक मारत नाहीये. खाली घोरणं तसंच चाललंय.

त्याचा उजवा पाय. केसाळ, अनवाणी. टाच उचलली जातेय.

तुमचा श्वास आत आलाय.

पाऊल पडतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, किंवा माहीत करून घ्यायचंय. सोन्याचा ढीग, त्यावर पसरलेला लालसर-सोनेरी स्मॉग, चोरलेला पेला, आणि पुष्कळ पानांनंतर घर. घरी परतल्यावर किटलीचा आवाज बिल्बोला पूर्वीपेक्षाही गोड लागतो, एवढी नोंद टोल्किन आवर्जून करतात. शेजाऱ्यांच्या लेखी मात्र तो कायमचा वाया गेलेला असतो.

आता पुस्तक उघडा. बोगदा बाराव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच आहे, शोधावा लागत नाही. आज मोठ्यानं वाचा, सावकाश, आणि जमलं तर घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी घ्या. त्यानं मध्येच चूक काढली तर रागावू नका. वाचन थांबवून आधी त्याला उत्तर द्या.