न फोडलेली पिशवी

अमेरिकेत, ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड नावाचं शहर आहे. सुपरमॅनचा जन्म इथला. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन शाळकरी पोरं या शहराच्या ग्लेनव्हिल भागात राहायची. त्यांनी आभाळातून पडलेला हा वीर कागदावर उतरवला आणि 1938 साली त्याचे सगळे हक्क प्रकाशकाला 130 डॉलरला देऊन टाकले.

त्याच शहरात कॉमिक्सचं एक लहानसं दुकान होतं. दुकानात एक म्हातारा बसायचा. त्याच्याकडे एक जाड वही होती. कोणतं गिऱ्हाईक दर महिन्याला कोणता अंक नेतं, हे त्या वहीत लिहिलेलं असायचं आणि तेवढेच अंक तो मागवायचा. चार-दोन जास्तीचे, पण ढिगाने कधीच नाही.

त्याच्या दुकानात दोन सख्खे भाऊ यायचे. थोरला एका कारखान्यात हिशेबनीस होता, धाकटा शाळेची बस चालवायचा. 1992 साली त्यांची आई वारली. तिने साठवलेल्या पैशातले दोन-दोन हजार डॉलर प्रत्येकाच्या वाट्याला आले.

त्या शरद ऋतूत वर्तमानपत्रांत एकच चर्चा होती. 18 नोव्हेंबरला ‘सुपरमॅन’चा 75वा अंक येणार आणि त्यात सुपरमॅन मरणार! सुपरमॅनची पहिली गोष्ट ज्यात छापली, तो 1938 सालचा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक तेव्हा दहा सेंटला मिळायचा आणि आता लिलावात त्याला हजारो डॉलर मिळतात, असंही लोक एकमेकांना सांगत होते. धाकट्याने मनाशी हिशेब मांडला. जन्माच्या अंकाला एवढा भाव, तर मरणाच्या अंकाला किती येईल!

तो दुकानात आला आणि म्हणाला, “आजोबा, मला पंच्याहत्तराव्या अंकाच्या चारशे प्रती हव्यात. काळ्या पिशवीतल्या.”

प्रकाशकाने अंकाच्या दोन आवृत्त्या काढल्या होत्या. एक साधी. दुसरी काळ्या प्लॅस्टिकच्या बंद पिशवीतली. पिशवीवर रक्त ठिबकणारं लाल ‘एस’ अक्षर आणि आत अंकाबरोबर दंडाला बांधायची काळी फीत. ही पिशवी अडीच डॉलरची.

म्हातारा म्हणाला, “मागवतो. पण पैसे आगाऊ लागतील. घाऊकवाला आम्हाला सूट देतो, पण न खपलेला माल परत घेत नाही.”

धाकट्याने हजार डॉलर मोजून दिले.

“यातल्या वाचणार किती?” म्हाताऱ्याने विचारलं.

“एकही नाही. पिशवी फोडली की भाव गेला!”

“मग एक सांग. उद्या कोणीच विकत घ्यायला आलं नाही, तर या पिशव्या तुला काय देतील?”

“असं कसं होईल, आजोबा? सगळं गाव मागे लागलंय.”

एवढ्यात थोरला आत आला. भावाचा सौदा ऐकून तो हसायला लागला. “पोराटोरांची चित्रं घेऊन कोणी श्रीमंत होतं का? पैसा लावायचा तर शेअरमध्ये लावावा. स्पायडरमॅनचे अंक काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचे शेअर गेल्या वर्षीपासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत. मी माझे दोन हजार त्यात घालतोय. स्पायडरमॅन काय पळून जाणार आहे?”

म्हातारा म्हणाला, “स्पायडरमॅन नाही पळून जाणार. पण कंपनीला नफा किती होतो? तो कुठून येतो? कर्ज किती आहे?”

“भाव चढतोय ते बघा ना! नफ्या-कर्जाची चौकशी कशाला?”

“मग तुलाही तेच विचारतो. उद्या तुझा शेअर घ्यायला कोणीच उभं राहिलं नाही, तर तो तुला काय देईल?”

“तो रोज बाजारात विकला जातो. घेणारा कायम असतोच,” थोरला म्हणाला.

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. त्याने फक्त एक आठवण सांगितली. “ॲक्शनचा पहिला अंक माझ्याकडेही होता. मी दहा वर्षांचा होतो. आम्ही पाच-सहा पोरांनी तो आळीपाळीने वाचला. कोणी पानं दुमडली, कोणी गुंडाळून खिशात कोंबला. मग युद्ध आलं. सरकारने रद्दी मागितली आणि आईने आमची सगळी कॉमिक्स देऊन टाकली.”

“अरेरे!” धाकटा कळवळला. “केवढं नुकसान!”

“नुकसान माझं झालं, पण भाव त्यामुळेच आला. दोन लाखांच्या आसपास अंक छापले होते. माझ्या आईसारख्या हजारो आयांनी ते रद्दीत घातले, म्हणून उरलेल्या मोजक्यांना किंमत आली. त्या सगळ्याजणींनी अंक जपून ठेवले असते, तर आज मी तो तुला दोन डॉलरला दिला असता.”

भावांनी ऐकलं आणि घरी गेले.

18 नोव्हेंबर उजाडला. दुकानांसमोर पहाटेपासून रांगा लागल्या. आयुष्यात कधी कॉमिक हातात न धरलेली माणसंही रांगेत उभी होती. कित्येक दुकानांत त्याच दिवशी माल संपला. थोड्याच दिवसांत ती अडीच डॉलरची पिशवी कितीतरी पट भावाने हातोहात फिरू लागली. धाकट्याने आपल्या चारशे पिशव्या विकायला काढल्या का? मुळीच नाही. त्याने उरलेले हजार डॉलरही काढले आणि चढ्या भावाने आणखी पिशव्या घेतल्या. “अजून वाढणार,” तो म्हणाला.

थोरल्याचे शेअरही 1993 साली चढले. तोही म्हणाला, “अजून वाढणार.”

नाताळच्या जेवणाला दोघे भाऊ एका टेबलाशी बसले की आपापला हिशेब मांडायचे. धाकटा पिशव्या मोजायचा आणि त्यांना आजच्या भावाने गुणायचा. थोरला शेअर मोजायचा आणि त्यांना आजच्या भावाने गुणायचा. गुणाकार दोघांचा बरोबर होता. खिशात मात्र दोघांच्याही एक सेंट वाढलेला नव्हता.

पंच्याहत्तराव्या अंकाच्या 60 लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच धाकट्यासारख्यांनी घेतल्या होत्या आणि जशाच्या तशा खोक्यात ठेवल्या होत्या. कोणी फाडली नाही, कोणी दुमडली नाही, कोणाच्या आईने रद्दीत घातली नाही. जो तो दुसऱ्याला विकण्यासाठी थांबला होता. पंगतीत सगळेच वाढपी झाले आणि जेवायला कोणी बसलाच नाही, अशी गत झाली.

मग 1993 साली सुपरमॅन परत आला. प्रकाशकाने त्या निमित्ताने आणखी एक खास अंक काढला, या वेळी पांढऱ्या पिशवीत. गेल्या खेपेला माल कमी पडला म्हणून हळहळलेल्या दुकानदारांनी आता ढिगाने मागवला. गिऱ्हाईक आलं नाही. माल परत करता येत नव्हता. गठ्ठे दुकानात पडून राहिले आणि पैसे त्यांच्यात अडकून बसले. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतली हजारो कॉमिक्सची दुकानं बंद पडली. वहीवाल्या म्हाताऱ्याचं दुकान चालू राहिलं. त्याची गिऱ्हाइकं वाचणारी होती. नवा महिना आला की ती नवा अंक न्यायला यायचीच.

तोवर थोरला बिनधास्त होता. पिशव्यांचं काय व्हायचं ते होवो, त्याचे शेअर होते! पण मार्व्हलचे अंक घेणारी माणसं कोण होती? तीच, एकेका अंकाच्या पाच-पाच प्रती घेऊन खोक्यात ठेवणारी. 1991 साली मार्व्हलने ‘एक्स-मेन’चा पहिला अंक वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांनी काढला होता आणि त्याच्या 80 लाखांच्या वर प्रती गेल्या होत्या. 80 लाख वाचक मात्र कधीच नव्हते. साठवणारे थकले तसा मार्व्हलचा खप कोसळला. त्यातच तेजीच्या दिवसांत कंपनीने कर्ज काढून खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते छापणारी कंपनी विकत घेतली होती. 1994 साली बेसबॉलच्या खेळाडूंनी संप केला आणि त्या पत्त्यांचा धंदाही बसला. नफा आटला, कर्जाचं व्याज मात्र चालूच राहिलं. 27 डिसेंबर 1996 ला, नाताळ उलटून दोनच दिवस झाले असताना, मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तेव्हा थोरल्याला कळलं की धाकट्याची काळी पिशवी आणि आपला शेअर यांची मुळं एकाच मातीत होती.

1997च्या वसंतात धाकटा गाडीत खोकी भरून म्हाताऱ्याकडे आला. थोरलाही सोबत होता.

“आजोबा, घेता का हे? जो भाव द्याल तो द्या.”

“कोणाला विकू? ज्यांना हवी होती त्यांच्याकडे आहे. एकेकाकडे दहा-दहा आहेत.”

धाकट्याचा राग उसळला. “मग तेव्हा मला विकल्या कशाला? तुम्हाला सगळं कळत होतं!”

म्हातारा शांतपणे म्हणाला, “मी दुकानदार आहे. मागितलेला माल देणं माझं काम. पण देण्याआधी मी तुला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर तू आज घेऊन आला आहेस.”

मग त्याने खोक्यातली एक पिशवी काढून धाकट्याच्या हातात दिली. “फोड.”

धाकटा बिचकला. साडेचार वर्षं त्याने त्या पिशवीला नखसुद्धा लावू दिलं नव्हतं. शेवटी त्याने ती फोडली आणि तिथेच उभ्या उभ्या अंक चाळायला लागला. चाळता चाळता वाचायला लागला. त्या अंकात प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र आहे. पान उलटलं की घाव, पुढचं उलटलं की आणखी मोठा घाव, आणि शेवटी पडलेल्या शहरात पडलेला सुपरमॅन. धाकटा शेवटपर्यंत वाचत गेला.

“चांगला आहे की हो!” तो नवलाने म्हणाला.

म्हातारा म्हणाला, “अडीच डॉलर याचेच होते. हे तुला पहिल्याच दिवशी मिळालं असतं. तू तेच सोडून बाकी सगळं सांभाळत बसलास.”

थोरल्याने विचारलं, “आणि माझं? माझ्याकडे तर वाचायलाही काही नाही.”

“तुझ्या हातात धंद्याचा वाटा होता. धंदा कमावता असेल, तर घेणारं कोणी नसतानाही तो मालकासाठी कमावत राहतो; कधी लाभांश देतो, कधी स्वतः वाढतो. पण तो कमावतो की नाही, हे तू पाहिलंच नाहीस. तूही पिशवी न फोडताच घेतलीस.”

भाऊ घरी गेले. धाकट्याने पिशव्या मिळेल त्या भावाला विकल्या आणि उरलेल्या बसमधल्या पोरांना वाटून टाकल्या. पोरांनी त्या लगेच फोडल्या, वाचल्या, दुमडल्या आणि हरवल्या.

पुढे अनेक वर्षं गेली. 2009 साली डिस्नीने मार्व्हल विकत घ्यायचं ठरवलं, तेही चार अब्ज डॉलरला. थोरला म्हणाला, “पाहिलंस? माझा अंदाज बरोबर होता!” स्पायडरमॅनबद्दल तो बरोबरच होता. पण मार्व्हल 1998 साली दिवाळखोरीतून बाहेर आली ती खेळण्यांच्या एका कंपनीत मिसळून, आणि जुन्या भागधारकांच्या हाती जवळपास काही उरलं नाही. वीर तगले, कंपनी तगली, थोरल्याचे दोन हजार डॉलर तगले नाहीत.

2024 साली ‘ॲक्शन कॉमिक्स’चा तो पहिला अंक लिलावात 60 लाख डॉलरला गेला. धाकटा म्हणाला, “पाहिलंस? कॉमिकला भाव येतो, हे मी आधीच सांगत होतो!” तोही बरोबर होता. पण 1938 साली तो अंक पुढे विकण्यासाठी जपावा, असं लोकांच्या मनातही नव्हतं. म्हणून तर तो दुर्मीळ झाला होता.

तात्पर्य: जे सगळेच जपून ठेवतात ते दुर्मीळ होत नाही, आणि नुसता भाव चढतो म्हणून घेतलेली वस्तू भावाबरोबरच पडते. म्हणून पैसे मोजण्याआधी विचारावं, की पुढचं गिऱ्हाईक आलंच नाही तर ही वस्तू मला काय देईल? कॉमिक असेल तर वाचायचा आनंद, शेअर असेल तर धंद्याचा नफा, असं उत्तर आलं तर घ्यावी आणि त्या उत्तराच्या लायकीइतकेच पैसे द्यावेत. उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर कागद चित्रांचा असो की कंपनीचा, तो जुगार आहे. आणि जुगारात आईने साठवलेले पैसे लावू नयेत.