दोन्ही हात गुंतलेला गडी

संघासंघांत खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये शस्त्राचे रूप आणि त्याचे काम यांत केवढे अंतर पडू शकते, हे ‘काउंटर-स्ट्राइक’मधील ‘ड्युअल बेरेटाज’ या जोडपिस्तुलांवरून फार स्पष्टपणे दिसते. ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये घडवलेला आणि २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्वतंत्रपणे बाजारात आणलेला हा खेळ, स्पर्धेच्या रूपात पाच विरुद्ध पाच असा खेळला जातो. मारला गेलेला गडी तो डाव, म्हणजे ‘राऊंड’, संपेपर्यंत परतत नाही, आणि म्हणूनच येथे एकट्याच्या शौर्यापेक्षा साथीला अधिक मोल आहे.

जोडपिस्तुलांची प्रतिमा मात्र नेमकी एकट्या वीराची आहे, आणि ती आली चित्रपटांतून. हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांच्या १९८६ च्या ‘अ बेटर टुमॉरो’मध्ये चाऊ युन-फॅट यांनी रंगवलेला नायक उपाहारगृहात शिरण्यापूर्वी वाटेवरील कुंड्यांत जादा पिस्तुले दडवून ठेवतो आणि हातातली रिकामी झाली की ती उचलतो. या प्रसंगात एक अडचण चतुराईने टाळलेली आहे: दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला हातच उरत नाही. शिवाय नजर एका वेळी एकाच पिस्तुलाच्या माशीवर स्थिरावते. (अर्जुनाला सव्यसाची म्हणतात ते तो दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडी म्हणून, धनुष्य मात्र त्याच्याजवळ एकच होते.)

चित्रपटाने टाळलेली हीच अडचण खेळाने हिशेबात धरली, हे त्याच्या रचनाकारांचे खरे श्रेय आहे. दोन्ही पिस्तुलांत मिळून ३० गोळ्या असतात, पण त्या उजवी-डावी अशा आळीपाळीने सुटतात. म्हणजे दुसऱ्या हाताने मारा दुप्पट होत नाही, फक्त तो अधिक काळ चालू राहतो. गोळ्या पुन्हा भरायला, ज्याला खेळाडू ‘रिलोड’ म्हणतात, जवळजवळ चार सेकंद लागतात, आणि जिथे समोरासमोरची गाठ क्षणार्धात निकाली निघते तिथे चार सेकंद उघड्यावर राहणे जीवावर बेतणारे असते.

किमतीचा हिशेबही याच दिशेने जातो. जुन्या आवृत्तीत ही जोडी खेळातल्या ८०० डॉलरना मिळे, म्हणजे पहिल्या राऊंडला प्रत्येकाला मिळणारी सगळी रक्कम तीवरच खर्ची पडे; पुढे भाव उतरत जाऊन २०२१ मध्ये ३०० डॉलरवर आला. आता ही जोडी घेऊन, ३०० डॉलरचा धुराचा आणि २०० डॉलरचा डोळे दिपवणारा गोळा घेतला की ८०० डॉलर बरोबर संपतात. ६५० डॉलरचे चिलखत मात्र सोडावे लागते, म्हणजे जोडी घेणारा गडी स्वतःचे संरक्षण सोडून संघाला वाट करून देणारी साधने पदरात घेतो. बंजी कंपनीच्या ‘हेलो २’ने (२००४) दुसरा मार्ग धरला होता, तिथे दोन शस्त्रे धरलेल्याला गोळा फेकायचा तर डाव्या हातातले शस्त्र टाकावे लागे, आणि २०१० च्या ‘हेलो: रीच’मध्ये ही सोयच काढून टाकण्यात आली. ‘हेलो’ने जोडीची किंमत हातांत वसूल केली, ‘काउंटर-स्ट्राइक’ने ती वेळेत वसूल केली, आणि दुसरी रीत अधिक खोलवर विचार केलेली वाटते, कारण हातांची उणीव ज्याची त्यालाच सोसावी लागते, वेळेची उणीव मात्र साथीदार भरून काढू शकतो.

म्हणूनच सर्वांत एकांड्या दिसणाऱ्या या शस्त्राला साथीची गरज सर्वाधिक भासते. जोडपिस्तुले घेतलेला गडी गोळ्यांचा मारा करत दारातून पुढे घुसतो, दुसरा त्याच्या पाठोपाठ राहतो, आणि पहिल्याच्या तीस गोळ्या संपल्या की ते चार सेकंद दुसरा त्याच्यापुढे उभा राहतो.