स्मारकाचे नैतिक अधिष्ठान : चिरागनगरची झोपडी

लेखकाचे घर जतन करावे, या आग्रहामागे एक गृहीत असते : वास्तू आणि वाङ्मय यांत काही आंतरिक नाते आहे. रशियाने हे गृहीत मोठ्या निष्ठेने जोपासले. टॉलस्टॉयचे यास्नाया पोल्याना १९२१ मध्ये संग्रहालय झाले. चेकॉव्ह १८९२ ते १८९९ या काळात मेलिखोवो या गावी राहिला. तेथील त्याचे मुख्य घर टिकले नाही, आज दिसते ते नंतर पुन्हा उभारलेले आहे. तरीही पाहणाऱ्याचा रसभंग होत नाही. कारण जे पुन्हा उभारले गेले ते घर, ती बाग, तो निवांतपणा लेखकालाही हवाच होता. जतन करणाऱ्याची इच्छा आणि लेखकाची इच्छा येथे एकाच दिशेने जातात.

घाटकोपरच्या चिरागनगरात मात्र या दोन इच्छा परस्परविरोधी ठरतात. अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याची दीर्घ वर्षे येथील झोपडीत काढली. १९४३ मध्ये त्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. रशिया प्रत्यक्ष पाहिला तो १९६१ मध्ये, आणि त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चिरागनगरात स्मारक उभारण्याचा विषयही शासनदरबारी दीर्घकाळ चर्चेत राहिला. त्यांचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले ते गोरेगावात. परंतु समाजस्मृतीने निवडली ती चिरागनगरची झोपडीच. ही निवड अर्थपूर्ण आहे, तशीच अडचणीचीही.

झोपडी होती तशी राखावी, असे म्हणता येईल. पण झोपडीचे सत्य तिच्या पत्र्यात किंवा कुडात नसते. ते तेथे राहण्याच्या सक्तीत असते. पहारा, प्रकाशयोजना आणि माहितीफलक लाभलेल्या झोपडीतून नेमकी ही सक्तीच वजा होते. उरते ते दारिद्र्याचे सौंदर्यीकरण. ज्या लेखकाने ही स्थिती नष्ट व्हावी म्हणून लेखणी चालवली, त्याच्या नावाने तीच स्थिती प्रेक्षणीय होते.

उलट, झोपडी हटवून भव्य वास्तू उभारावी, हा पक्षही निर्दोष नाही. जो सन्मान जिवंतपणी पुरेसा मिळाला नाही तो दगडातून द्यावा, ही भावना समजण्याजोगी आहे. परंतु भव्यतेमुळे नाकारले गेल्याचा पुरावाच पुसला जातो आणि समाज स्वतःला परस्पर दोषमुक्त करून घेतो.

दोन्ही पक्ष एकच चूक करतात : ते स्मारकाचा विषय वस्तू मानतात. अण्णा भाऊंच्या लेखनाचा विषय मात्र माणसांमधील संबंध हा आहे. ‘चिरानगरची भुतं’ हे शीर्षकच वस्तीला साहित्यात आणते. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली असल्याचे सांगितले. हा विचार प्रमाण मानला, तर झोपडीशेजारच्या रहिवाशांचे पुनर्वसन ही स्मारकाच्या मार्गातील अडचण राहत नाही. तो स्मारकाच्या आशयाचाच भाग ठरतो.

यावर आक्षेप संभवतो की निवारा देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी साहित्याची साक्ष कशाला? आक्षेप रास्त आहे. साहित्य घर देत नाही, आणि स्मारकाने तसा आव आणू नये. पण म्हणूनच क्रमाला नैतिक अर्थ येतो. शेजाऱ्याचे छप्पर लांबणीवर टाकून उभारलेले स्मारक लेखकाच्या संहितेचाच प्रतिवाद करील. छपरानंतरचे काम मात्र साहित्याचे : हस्तलिखिते, शाहिरीच्या चाली, ‘फकिरा’च्या आवृत्त्या यांचा सांभाळ आणि वाचनाला मोकळी जागा. चिरागनगरातले मूल तेथे प्रदर्शनाचा नमुना म्हणून नव्हे, तर वाचक म्हणून प्रवेश करू शकते की नाही, ही अशा स्मारकाची कसोटी होय.