झाकल्या ड्रममधले इमान

रावेर, यावल, सावदा या टापूतून केळीचे घड भरून निघणाऱ्या पिकअप गाड्यांकडे पाहताना आपले लक्ष मालाच्या भाराकडे, फार तर चालकाच्या वेगाकडे जाते. परंतु त्या भाराचा मोठा हिस्सा ज्या मागल्या चाकांवर पडतो, त्यांचे ब्रेक लोखंडी ड्रमच्या आत झाकलेले असल्यामुळे त्यांची अवस्था कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

चालकाने पाय दाबला की तेलाच्या दाबाने व्हील सिलिंडर दोन अर्धचंद्राकृती ब्रेक शू बाहेर रेटतो, त्यांवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात आणि गतीचे उष्णतेत रूपांतर होते. झिजलेले लायनर बदलणे हे जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांतले नित्याचे काम. पण ते निर्दोष व्हावयाचे, तर शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक लागताच गाडी एका अंगाला ओढू शकते. सिलिंडरच्या रबराखाली ओल आढळल्यास तो दुरुस्त करावा लागतो, कारण तेलाने भिजलेला लायनर नवा असूनही धरत नाही. थकलेल्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात, आणि कमाल व्यासाच्या मर्यादेपलीकडे झिजलेला ड्रम, लेथवर घासून पुन्हा बसवण्याचा मोह आवरून, भंगारात टाकावा लागतो. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ती हवेच्या झोताने उडवणे म्हणजे हाताखालच्या पोराच्या फुप्फुसांविषयी हयगय करणे होय. ती ओल्या फडक्याने पुसावी.

यांपैकी एखादी गोष्ट गाळली, तरी ड्रम चढवून चाक आवळल्यावर ते कोणास कळणार? कायद्याने मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. परंतु दोन तपासण्यांच्या दरम्यानचा सारा काळ कारागिराच्या व मालकाच्या सदसद्विवेकाच्या हवाली असतो. येथे एकट्या कारागिरास दोषी धरणे न्यायाचे नव्हे. ‘नुसते लायनर टाक, बाकीचे पुढच्या खेपेला पाहू’ असे जो मालक बजावतो, तो त्याच्यावर अर्धवट कामाची सक्तीच करतो.

4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, मुंबई-आग्रा महामार्गावर, एक अवजड वाहन इतर वाहनांना धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसले आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्या वाहनाच्या बाबतीत कसूर कोणाची, याचा निवाडा येथे करावयाचा नाही; मात्र ब्रेकने दगा दिला असता त्याची किंमत रस्त्याकडेला बसलेल्या, त्या गाडीशी कसलाही संबंध नसलेल्या माणसांना मोजावी लागते, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांसमोर आली.

ज्या काटकसरीचा भुर्दंड परक्याच्या जिवावर पडतो, तिला काटकसर म्हणता येत नाही. केळीच्या हंगामात खेपांची घाई असते, हे मान्य. तरीही घाटाची वाट धरण्यापूर्वी मालकाने गाडी एक दिवस उभी ठेवावी, ड्रम आपल्यासमोर उघडवून घ्यावा, कारागीर जे बदलावयास सांगेल ते बदलू द्यावे, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.