न मागितलेलें विष

वाचकहो, आयर्लंडची राजधानी डब्लिन. तेथें नोव्हेंबर २०२३ मध्यें थोड्याच दिवसांत पन्नासांहून अधिक व्यसनी माणसें एकामागून एक बेशुद्ध पडलीं. पूड विकली गेली हेरॉइन म्हणून. तींत निघालें निटाझीन.

हेरॉइन अफूपासून होतें. निटाझीनला अफूचें बोंड लागत नाहीं, तें सारें रसायनशाळेंतलें. १९५० च्या दशकांत स्वित्झर्लंडमध्यें सिबा कंपनीच्या संशोधकांनीं वेदना शमविण्यासाठीं तें शोधलें. पण श्वासच मंदावतो म्हटल्यावर त्याचें औषध कधीं झालें नाहीं. साठ-सत्तर वर्षें तें कागदांत पडून होतें. २०१९ च्या सुमारास चोरट्या बाजारानें तेच कागद उघडले! त्यांतलीं कांहीं द्रव्यें मॉर्फिनहून शेकडों पट तीव्र आहेत.

आतां कोणी म्हणेल, "महाराज, केलें तसें भोगील, आपल्याला काय त्याचें?" अहो, जरा थांबा. जाणून केलेलें आणि नकळत घडलेलें यांत धर्मशास्त्र भेद करतें. वेदान्तांतला माणूस दोरीला साप समजून भितो. हा बिचारा सापाला दोरी समजून उचलतो. व्यसनाचा दोष त्याच्याकडे आहेच, तो मी झांकीत नाहीं. पण हें मरण त्यानें मागितलें नव्हतें. तें पुडींत कालवणारा निराळा, आणि तो पैसे मोजून घरीं गेला. दोघांचें पाप एकाच्याच माथीं मारणें हा कुठला न्याय?

तेथील आरोग्य खात्यानें तातडीनें इशारा दिला: एकट्यानें घेऊं नका, नॅलोक्झोन जवळ ठेवा. यावर शंका येते, कीं हें व्यसनाला पाठबळ नव्हे काय? शंका टाकाऊ नाहीं. घेऊंच नका, हेंही खात्याचें सांगणें आहेच. पण ज्याला आज सोडवत नाहीं, तो उद्यां जिवंत तर पाहिजे ना! मेलेल्याला पश्चात्ताप कसा व्हावा?

नॅलोक्झोन नाकांत फवारतात किंवा टोंचतात. तें मेंदूंतून त्या द्रव्याला हुसकून लावतें आणि श्वास परततो. मात्र निटाझीन चिवट. एका मात्रेनें भागेलच असें नाहीं. शिवाय नॅलोक्झोनचा जोर ओसरला, कीं माणूस पुन्हा बुडूं शकतो. म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत कोणाला तरी त्याच्या उशाशीं बसून राहावें लागतें, श्वास मोजीत.