गुणीजनांची मोट

चार गुणी माणसे एका जागी बसवली म्हणजे त्यांच्या हातून काहीतरी अपूर्व घडेल, ही समजूत हल्ली कारखान्यांपासून शाळांपर्यंत सर्वत्र आढळते. व्यवस्थापनाची पुस्तके तर तिच्यावरच उभी आहेत. मला त्या पुस्तकांपेक्षा आपल्या शेजारच्या कोल्हापूरची 'प्रभात' अधिक शिकवते.

१९२९ साली पाच जणांनी ही कंपनी काढली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, भांडवल घालणारे सराफ. ज्याने घडवले त्याला सोडून जाणे हा कृतघ्नपणा नव्हे काय, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. शिष्य मोठा झाला की त्याला स्वतःची जागा लागते. घरात मिळाली नाही तर तो ती बाहेर शोधतो. पुढे १९४२ साली शांतारामबापूंनीही 'प्रभात' सोडून 'राजकमल' काढलेच. गुणी माणसांची मोट कायमची बांधता येत नाही, आणि तशी अपेक्षा धरणे हाच मुळात अन्याय आहे.

परंतु मोट बांधलेली असताना काय घडते? १९३६ चा 'संत तुकाराम' पाहावा. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या दोघांचे. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान, आणि विषय वारकरी संताचा! कोणता प्रसंग कोणाचा, हे पडद्यावर ओळखू येत नाही. पागनीसांचा तुकोबा, गौरीची जिजाई, केशवराव भोळ्यांचे संगीत. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला एक अभंग मात्र तुकोबांचा नव्हे, तो शांताराम आठवल्यांनी लिहिला. तो इतका बेमालूम उतरला की पुष्कळांनी तो गाथेतलाच मानला.

माझा खरा प्रश्न इथे आहे. कवीचे हे विरघळून जाणे थोर खरेच. पण त्याचा लाभ घेणाऱ्यांवर काही ऋण राहते की नाही? 'कामापुढे नाव गौण' हे वाक्य बहुधा ज्याचे नाव आधीच वर छापलेले असते तोच ऐकवतो. विरघळण्याचा अधिकार कवीचा. त्याचे नाव सांगण्याचे कर्तव्य मात्र बाकीच्यांचे, आणि मोट बांधणाऱ्याचे सर्वांत आधी.

आपल्या सीमाभागात हे रोज पारखून घेता येते. मराठी नाटकाची पेटी कानडी घरातून येते, पडदे रंगवणारा ड्रॉइंग मास्तर तिसरीच भाषा बोलतो, आणि पत्रिकेवर 'इतर साहाय्य' या दोन शब्दांत सगळे गुंडाळले जातात. भाषेच्या प्रश्नावर मतभेद असोत; पेटीवाल्याचे नाव गाळण्याशी त्यांचा काय संबंध? आमच्या शाळेत यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत सगळी नावे येणार, हे ठरले आहे. ती कोणत्या लिपीत छापावीत यावर शिक्षकांच्या खोलीत अजून वाद चालू आहे. माझे मत दोन्ही लिपींच्या बाजूने आहे. छापखान्याचे बिल थोडे वाढेल.